वेलीचं औषध

दीपमालाच्या बैठकीतल्या मनीप्लांटची पानं पिवळी पडायला लागली आणि घरात एकदम डॉक्टरच डॉक्टर झाले. सासू चांगुणाबाईंचं निदान होतं नजर. शेजारच्या केशरबाईचं निदान पंख्याचं वारं. नवरा आदिनाथ जालन्याला कारखान्यात, सुट्टीलाच काय तो घनसावंगीला यायचा. त्याचं म्हणणं, वेलच उपटून फेका म्हणजे कटकट मिटली.

दुखणं खरं कळलं होतं ते दीपमालालाच. कुंभार पिंपळगावच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, पण त्याच्याशी ह्याचा संबंध नव्हता. तिनं फक्त नीट बघितलं होतं. पिवळी पडत होती ती बुडाकडची पानं, शेंड्याची हिरवीगार होती. पानं करपत नव्हती, मऊ पडून गळत होती. पाठीवर ना किडा, ना चिकटा. कुंडीत बोट खुपसलं तर चिखल लागला आणि त्याला डबक्यासारखा वास आला. मुळं सडत होती, दुसरं काही नाही. आणि कारण घरातच होतं. देवांना आंघोळ घातली की ते पाणी चांगुणाबाई रोज न चुकता त्या कुंडीत ओतायच्या.

"आत्याबाई, रोज नका घालू पाणी," असं ती म्हणाली की त्या म्हणायच्या, "देवाचं पाणी नालीत फेकू का मंग? अन् झाडाला बी तहान लागतीच की."

रविवारी वेल काढायची, सडकी मुळं कात्रीनं छाटायची, कोरड्या भुसभुशीत मातीत लावायची आणि कुंडी देवघरापासून लांब, उजेडाच्या खिडकीत न्यायची, असं दीपमालानं मनाशी ठरवून टाकलं.

पण रविवारच्या आधीच बातमी सासऱ्यांच्या कानावर गेली. पुंजाराम आष्टीजवळच्या मळ्यात राहायचे. उभा जन्म कपाशीत गेलेला. पान पिवळं दिसलं की पाठीवर पंप घ्यायचा, एवढं एकच त्यांना ठाऊक. फोनवर म्हणाले, "कीड रस शोषून राह्यलीय. औषध दिल्याबिगर भागायचं न्हाई."

"मामा, कीड नाही हो. पाणी जास्त झालंय."

"तू राहू दे माय. म्या बघतो."

ते काय बघणार हे विचारायला दीपमालाला सुचलं नाही, कारण त्याच रात्री तिच्या लेकीला, ईश्वरीला ताप आला. पोर दोन वर्षांची. सकाळी अंग थोडं निवलं होतं, पण शाळेत परीक्षा, रजा मिळण्यासारखी नव्हती. निघताना तिनं सासूबाईंना बजावलं, "दुपारी खाऊन झालं की ईशूला औषध द्या. फ्रिजवर ठेवलंय. झाकणभरच द्यायचं."

"देते की. लेकरं काय आजच वाढवून राह्यले का म्या?" चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं.

मधल्या सुट्टीत पोरं खिचडी खात होती तेव्हा पुंजारामांचा फोन आला. मोठ्या खुशीत होते.

"सकाळी तहसीलला आल्तो, तू शाळंला गेल्ती. आता मळ्यात पोचलो बघ. तुझ्या येलीचं औषध फ्रिजवर ठिवून आलो. मोठा डबा कुठं आणायचा, म्हणून खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत थोडं वतून आणलं. तुझी सासू मोरीत व्हती, तिला सांगायचं ऱ्हायलं. झाकणभर बास व्हतं, बरं का. लई जालीम हाय, हाताला लावू नको."

दीपमालानं मध्येच विचारलं, "मामा, कुठलं औषध?"

"आपलं कपाशीचं."

ती पुढचं ऐकायला थांबली नाही. घरचा फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला आणि बंद झाला. पुन्हा लावला. मग केशरबाईला लावला. केशरबाई फोन कानाला धरूनच त्यांच्या दारापर्यंत गेली. दीपमालाला कडी वाजवल्याचा आवाज ऐकू येत होता.

"दार आतून लावलंय गं. आवाज देऊन राह्यले, कोणी बोलंना."

"ईशू रडतीय का? ऐका ना, रडायचा आवाज येतोय का?"

"न्हाई. बिलकुल आवाज न्हाई. थांब, मागून जाऊन बघते." फोन बंद झाला. त्यानंतर केशरबाईनं तो उचललाच नाही.

मुख्याध्यापकांना काय सांगितलं, पर्स घेतली की नाही, हे तिला नंतर आठवेना. स्टँडवर जीप सवाऱ्या भरायची वाट बघत उभी होती. "माझं लेकरू," एवढंच ती बोलू शकली. ड्रायव्हर भागवत तिला रोज नेणारा-आणणारा. त्यानं तिचा चेहरा बघितला आणि अर्धी रिकामी जीप काढली.

रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर. एकाला मागं टाकावं तर पुढं दुसरा. दीपमाला केशरबाईला पुन्हा पुन्हा फोन लावत होती. झाकणभर. तिनंच सांगितलं होतं झाकणभर, आणि मामांनीही झाकणभरच. औषध म्हणाली ती. सिरप म्हणाली असती तर? दवा म्हणाली असती तर? ह्या घरात तापाचं ते औषध, कपाशीवर मारायचं तेही औषध, आणि जिवाला कंटाळलेला माणूस शेतात जाऊन जे पितो त्यालाही लोक औषधच म्हणतात. अख्ख्या मुलखात कुणाला विषाला विष म्हणायची लाज वाटत होती की काय!

मग तिला राग आला, आणि रागानं जरा बरं वाटलं. सगळा राग म्हातारीवर. डोळ्याला धड दिसत नाही, तरी सगळं मीच करीन. वास कळत नाही का हिला? बाटली वेगळी आहे हे कळत नाही का? घोगऱ्या आवाजात ओव्या म्हणत तिनं पोरीला मांडीवर घेतलं असेल, गाल दाबून तोंड उघडलं असेल. दीपमालाला ते दिसायला लागलं तशी तिनं डोळे गच्च मिटले. माझ्या पोरीला काही झालं तर ह्या बाईचं तोंड बघणार नाही, असं तिनं मनात देवाला सांगून टाकलं.

जीप दारात थांबली. गल्लीतल्या चार बायका ओसरीवर उभ्या होत्या. त्यांच्यात केशरबाई, आणि केशरबाईच्या कडेवर ईश्वरी. डोळे झोपेनं जड, हातात बिस्किट.

दीपमालानं पोरीला हिसकावूनच घेतलं. तोंडाचा वास घेतला, जीभ बघितली, झबल्याला नाक लावलं. तापाचं गरम अंग आणि दुधाचा वास, बाकी काही नाही.

"तिला न्हाई दिलं," केशरबाई म्हणाली. "मागच्या दारानं आत गेले तवा ती झोपलीच व्हती. पण तू आत जा जल्दी. म्हातारीला बघ, दवाखान्यात न्यायला गाडीच मिळंना."

चांगुणाबाई मोरीच्या कडेला भिंतीला टेकून बसल्या होत्या. लुगडं घामानं चिंब. तोंडातून लाळ गळत होती ती पुसायचंही भान नव्हतं. पुढं ओकारी पडली होती आणि सगळ्या घराला फवाऱ्याचा तो ओळखीचा उग्र दर्प येत होता.

"दीपा," त्या अडखळत म्हणाल्या, "लेकराला दिलं न्हाई गं म्या. आधी चाखून पाह्यलं. कडू आसंल तं गूळ लावून द्यावं म्हणलं. वास याया लागलता, म्हणलं दवाईला असतोच वास. जिभीला आग झाली. थोडं गिळलं गेलं."

त्यांनी वाढवलेल्या एकाही लेकराच्या तोंडात त्यांनी स्वतः चाखल्याशिवाय दवा घातली नव्हती. दूध असो, खीर असो, गुटी असो, आधी आपली जीभ. दीपमालाला ह्याची नेहमी किळस यायची. उष्टं देतात म्हणून ती आदिनाथजवळ कुरकुरायची.

भागवतनं म्हातारीला उचलून जीपमध्ये घेतलं. दीपमालानं बाटली पिशवीत घालून सोबत घेतली. दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरीनं डोळे बघितले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मग सुया, नळ्या, धावपळ. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले आणि म्हणाले की रात्र काढावी लागेल, आत्ताच काही सांगत नाही. बाटलीकडं बघून हेही म्हणाले, की झाकणभर लेकराच्या पोटात गेलं असतं तर त्यांच्या हातात काहीच राहिलं नसतं.

संध्याकाळी पुंजाराम आले. आत यायला त्यांचं पाऊल उचलेना. दारातच चौकट धरून उभे राहिले. "म्याच ठिवली गं माय ती बाटली," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. दीपमाला दुपारी मनात जे बोलली होती ते मनातल्या मनात परत घेत होती, पण देवानं ऐकून तर घेतलं नसेल ना, ही भीती जात नव्हती.

अंधार पडायच्या सुमारास चांगुणाबाईंनी डोळे उघडले. नळीमुळं बोलणं नीट येत नव्हतं. दीपमालानं कान जवळ नेला.

"ईशूची दवा ऱ्हायली," त्या म्हणाल्या. "ताप हाय तिला."

केशरबाई पोरीला घेऊन बाहेरच्या बाकड्यावर बसली होती. दीपमालानं दवाखान्यासमोरच्या मेडिकलमधून नवीन सिरप आणलं. नाव वाचलं, सील बघितलं, पुन्हा नाव वाचलं. झाकणात ओतलं. ईश्वरीनं चिमणीसारखं तोंड उघडलं, तरी दीपमालाचा हात पुढं होईना. मग तिनं ते झाकण आधी स्वतःच्या जिभेला लावलं आणि गोड लागल्यावरच पोरीच्या तोंडाशी नेलं.