पत्रिका नाही, हात पाहा

मित्रांनो, माझ्या काचेवरच्या भेगा मोजू नका. त्या माझ्या आहेत आणि मला त्यांची लाज वाटत नाही. मी एक जुना मोबाइल आहे. चार्जरची पिन तिरकी धरून खाली कागदाची घडी सारली, तरच माझ्यात जीव येतो. पण येतो.

नाशिकच्या दुकानातून महेशने मला आणले, तेव्हा मी आरशासारखा लखलखत होतो. त्याच्या लग्नातले सगळे फोटो माझ्यातच आहेत. मग त्याने नवा मोबाइल घेतला आणि मला धाकट्या बहिणीला, योगिनीला दिले. दिले कसले, टाकलेच.

योगिनी पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षे निवडते. सहा हंगाम झाले. राबता राबता मुक्त विद्यापीठातून ती पदवीधर झाली. तिला माल तपासणारी व्हायचे होते.

"ओळखीशिवाय कोण घेतं?" महेश म्हणाला. "हंगाम संपेपर्यंत बघ. नायतर सटाण्याच्या पाहुण्यांना मी होकार कळवतो."

जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्यावर लिंक्डइन उघडले. स्वतःविषयी लिहा, असे तिथे होते. बायोडाटा माझ्या पोटात एकच होता, महेशने स्थळांसाठी केलेला. तिने तोच चढवला. उंची पाच फूट दोन इंच, वर्ण गव्हाळ, मामकूळ निफाडचे. वर निळ्या साडीतला स्टुडिओतला फोटो.

आठ दिवसांत चार निरोप आले. नोकरीचा एकही नाही. एकाने लिहिले होते, "मुलगी पसंत आहे. पत्रिका पाठवा."

टेबलाभोवती हशा पिकला. योगिनी मान खाली घालून कात्री चालवत राहिली. शेजारी बसणाऱ्या म्हाताऱ्या धोंडाबाई मात्र हसल्या नाहीत.

"सोयरिकीला उंची बघत्यात, पोरी," त्या म्हणाल्या. "कामाला हात बघत्यात. तुझा हात कुठंय यात?" आणि त्या गुणगुणल्या,

हाताला गं माझ्या कात्रीचा घट्टा,
घडाला पुसा जा, सांगंल पत्ता.

योगिनीने तो बायोडाटा काढून टाकला. धोंडाबाईंनी मला धरले. त्यांचा अंगठा पाव चित्रात आला, येऊ द्या. घड देठाला धरायचा, मण्यांवरची पांढरी लव पुसू द्यायची नाही, नासका मणी कात्रीच्या टोकाने अलगद काढायचा. सगळे मी टिपले. खाली तिने लिहिले, "सहा हंगाम. माझ्या पेटीची तक्रार नाही." मग द्राक्षे घेणाऱ्या कंपन्यांतली माणसे शोधून एकेकाला तो व्हिडिओ पाठवला.

"अनोळखी माणसांना मेसेज करती, लाज नाय वाटत?" महेश म्हणाला.

"सटाण्याचे पाहुणे कुठं ओळखीचे आहेत, दादा?"



हंगामाचे चार दिवस उरले, तेव्हा पॅकहाउसच्या टेबलावरच विंचूरच्या एका वाइन कंपनीतून रंगनाथ साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. मी चार टक्क्यांवर होतो. अंग तापले होते.

"तुम्हाला कुणी पाठवलं?" साहेबांनी विचारले.

"कुणी नाही. मीच आले."

"बरं, समोरचा घड दाखवा. घ्याल का हा?"

वरून घड देखणा होता. योगिनीने तो उलटा केला. आत एक मणी फुटून ओघळला होता. मागे तिचा सध्याचा मालक उभा होता, माल त्याचाच.

"परत पाठवीन," ती म्हणाली. आवाज हलला नाही.

साहेबांनी मान डोलावली. "सोमवारी विंचूरला या."

मग मी विझलो. आधी नाही.

"आता तरी हे भंगारात दे," संध्याकाळी महेश म्हणाला.

"आधी याची काच बदलते," योगिनी म्हणाली.

मित्रांनो, जुने झाले म्हणून टाकण्याआधी पिन एकदा नीट बसवून बघा. आणि उंची, रंग, मामकूळ विचारून कुणी तुम्हाला मोजू लागले, तर आपले हात पुढे करा.

निरोप अजून येतात. कालच एकाने पत्रिका मागितली. योगिनीने त्याला घडाचा व्हिडिओ पाठवला, अंगठ्यासकट.