बायनाबाईची वाटी

मुलांनो, असं समजा की तुम्ही भर दुपारी एका मोठ्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभे आहात. बाहेर फाल्गुनाचं ऊन रखरखतंय. आत कुणी नाही. शेगडी विझलेली, पातेली पालथी. आणि त्या रिकाम्या खोलीतून आवाज येतोय, कुणीतरी राखेनं भांडं घासत असल्यासारखा. खस्... खस्... खस्. तुम्ही आत जाल का?

चौथीतली ऋतिका गेली नाही. पाय अनवाणी, फरशी तापलेली, तरी ती उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली. आवाज थांबला तेव्हा ती धावत आईकडे गेली.

तिची आई राजेश्री बोरीजवळच्या म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात स्वयंपाक करायची. गावातली धडधाकट माणसं ऊसतोडीला गेली, की ज्यांच्यानं मोळी उचलवत नाही असे म्हातारे-म्हाताऱ्या पाच-सहा महिने तिथं राहायचे. राजेश्रीच्या आधी अकरा वर्षं तिथली चूल बायनाबाईच्या हातात होती. बाई लय कडक. सकाळचा भात संध्याकाळी कुणाच्या ताटात जाऊ द्यायची नाही. भांडं दोनदा घासल्याशिवाय फळीवर चढू द्यायची नाही. कुणा म्हाताऱ्यानं उशीखाली शिळी भाकर दडवली, तर तिला दारातूनच वास यायचा. गेल्या दिवाळीनंतर ती वारली, आणि घर पोरकं झालं.

मग एक रीत पडली. रोज सकाळच्या भातातला पहिला वाटा दुधात कालवून बायनाबाईच्या काशाच्या वाटीत काढायचा, वर झाकण घालून फळीवर ठेवायचा. दिवेलागणीला त्यातलं चिमूटभर प्रत्येकाच्या तोंडात घालायचं. बायनाबाईला सगळे माई म्हणायचे, म्हणून त्याला माईचा घास म्हणायचे. आणि ती वाटी कधी धुवायची नाही. धुतली तर तिच्या हाताचा स्पर्श जाईल, असं सगळ्यांना वाटायचं.

थंडीत काही झालं नाही. शिमग्याच्या सुमारास ऊन वाढलं आणि पोटं बिघडायला लागली. आधी आसाराम आजोबांचं, मग आणखी दोघांचं. आश्रमाची देखरेख करणारे चंद्रभान काका म्हणाले, "बाईचा जीव शांत न्हाई. घास कमी पडायलाय." वाटीत भात वाढला. आजारही वाढला. आता धुरपदाबाई तीन दिवस खाटेवर पडून होत्या. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. त्याच धुरपदाबाई रोज संध्याकाळी ऋतिकाच्या वेण्या घालायच्या आणि पाढे चुकले की वेणी हलकेच ओढायच्या. त्यांचा मुलगा सांगलीकडं उसाच्या फडात होता.

"आई, आत कुणीतरी भांडं घासायलंय," ऋतिका धापा टाकत म्हणाली.

राजेश्री गहू निवडत होती. तिचा हात थांबला. 

"कुणाला सांगू नको," ती हळूच म्हणाली. "मलाबी ऐकू येतं ते. आठ दिवस झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले. धुरपदाबाईंची नाडी बघून त्यांनी साखर-मिठाचं पाणी घोट-घोट द्यायला सांगितलं. "पुन्हा पोट बिघडलं तर यांना झेपणार नाही," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "काय काय खाल्लं होतं?"

"वरण-भात, भाकर, दोडक्याची भाजी," चंद्रभान काकांनी सांगितलं. "सगळं ताजं."

"दोडक्यानं कुणी मरत न्हाई," आसाराम आजोबा खाटेवरून म्हणाले. "नाहीतर रोज दोडका चारणारी आमची आजी आमाला कवाच घालवून बसली असती."

सगळे हसले. ऋतिका हसली नाही. माईच्या घासाचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. घास म्हणजे काय खाणं थोडंच, असं त्या सगळ्यांच्या मनात इतकं पक्कं बसलं होतं, की तो त्यांना आठवलाच नाही.

दुपारी आश्रम झोपला. ऋतिका पुन्हा त्या दाराशी गेली. खस्... खस्. तिच्या मानेवर काटा आला. तरी या वेळी तिनं उंबरा ओलांडला. आवाज फळीकडून येत होता. ती डब्यावर चढली, तिनं वाटीवरचं झाकण उचललं, आणि आवाज एकदम बंद झाला.

दुधाला फेस आला होता. काठावर पिवळट खरपुडी बसली होती, एकावर एक, कितीतरी दिवसांची. आंबूस वास तिच्या नाकात शिरला. आणि तिला वाटलं, मागं कुणीतरी उभं आहे. लुगड्याला राखेचा वास येणारं, काही न बोलणारं, फक्त वाट बघणारं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. झाकण ठेवलं आणि ती पळाली.

पण पळून ती गेली कुठं, तर धुरपदाबाईंच्या खाटेपाशी. चमच्यानं त्यांना पाणी पाजत बसली. भांडं दोनदा घासणारी बाई. आणि तिचीच वाटी चार महिने पाण्याविना. ऋतिकाच्या डोक्यातून ते जाईना.

दिवेलागणीला चंद्रभान काका वाटी घेऊन आले. "आज कुणाला वाटायचं न्हाई," ते म्हणाले. "सगळी वाटी धुरपदामायला चारायची. बाई पावली तर हिला सोडंल."

राजेश्रीनं धुरपदाबाईंची मान उचलून धरली.  काकांनी चमचा भरला.

"काका, त्याचा वास घ्या," ऋतिका म्हणाली.

"माईच्या घासाचा वास घेतेत का, पोरी? सर बाजूला."

"माई असती तर तिनंच घेतला असता. आधी वास, मग घास. सगळ्यांच्या ताटाचा घ्यायची ती, धुरपदामायनंच सांगितलंय मला."

 आसाराम आजोबा खाटेवर उठून बसले. "पोरगी खोटं न्हाई बोलत, चंद्रभान," ते म्हणाले. काकांनी चमचा नाकाजवळ नेला. त्यांचं तोंड वाकडं झालं, पण हात मागं येईना. एवढ्या दिवसांची भीती होती ती, अशी कशी सुटेल?

"टाकायचा कसा, बाप्पा? तिच्या नावाचा हाय," ते पुटपुटले.

ऋतिकानं त्यांच्या हातातून आधी चमचा घेतला, मग वाटी. ती परसात गेली. तिथल्या खड्ड्यात तिनं भात ओतला आणि त्यावर पायानं माती लोटली. सगळे दारात उभे राहून बघत होते. मग ती मोरीवर उकिडवी बसली, साबणाची वडी ओली केली, आणि त्या वाटीच्या काठावर चढलेला पिवळा थर नखानं खरवडू लागली.