सावलीत बडवलेलं कापड

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मोगरी आहे. मुटुबाच्या झाडाची साल बडवून तिचं कापड करायचं, हाच माझा जन्माचा उद्योग. वल्कल म्हणा हवं तर. आम्ही तिघी बहिणी. थोरलीच्या अंगावर जाड खाचा, मधलीच्या मध्यम, माझ्या अगदी बारीक. दोघींनी झोडपून दिलं की शेवटचा हात माझा. आता माझ्या खाचा झिजल्या आहेत आणि बोलायचाही कंटाळा येतो. तरी एकदा सांगून टाकते.

मला घडवलं लुबवामाने. चाळीस वर्षं तो गवताच्या छपराखाली बसून साल बडवत होता. आमच्या बुगांडात, युगांडातल्या या जुन्या राज्यात, माणूस कितीही मोठा असो, मातीत जाताना तो या कापडात गुंडाळूनच जातो. लोक रडत यायचे, कापड घेऊन जायचे. अशा वेळी कापडाचं कौतुक कोण करणार? कौतुक व्हायचं ते त्याच्या मुलाचं. कसुज्जा कंपालात साहेब होता. लोक म्हणायचे, "नशीबवान आहेस बाबा!" आणि म्हातारा फुलून जायचा.

मुलाला मात्र त्याने मला कधी हात लावू दिला नाही. "तू खुर्चीवर बस. हे हाल माझ्यापर्यंतच पुरेत." कसुज्जा सुट्टीला आला की बापाच्या हातांकडे बघत तासन्‌तास त्याच छपराखाली बसून राही. बापाला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळत होता, पण मला विचारतो कोण?

मग एके दिवशी लुबवामा गेला. स्वतःसाठी ठेवलेलं कापड त्याने कधीच शेजाऱ्याला देऊन टाकलं होतं. घरात एकच कापड होतं, तेही अर्धवट. माझा हात फिरायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला पुरायचं होतं. सकाळी कसुज्जा गाडीतून पितळी कड्यांची चकचकीत शवपेटी घेऊन आला.

लुबवामाची बहीण नाकिमुली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पेटी झकास आहे हो, साहेब. पण ज्याने साऱ्या गावाला कापड पांघरवलं, त्याला पांघरायला काय?"

"दुकानातून आणतो, आत्या."

"आण ना! म्हणजे लोक म्हणतील, लुबवामाच्या घरात मोगरी उचलणारं कुणी उरलं नाही."

कसुज्जाने कोट काढला आणि मला उचललं. पण बसला कुठे, तर भर अंगणात, उन्हात! मुलगा राबतोय हे चार लोकांना दिसायला नको? तासाभरात साल वाळली आणि माझ्या घावाखाली वीतभर फाटली. घाव माझा होता. तो सल अजून गेलेला नाही.

"अरे दिवट्या," आत्या ओरडली, "सालीला लोकांची नजर नको, सावली लागते! चल छपराखाली. फाटलंय ते मी शिवते. तू हात थांबवू नकोस."

तिथे त्याच्याकडे बघायला आत्याखेरीज कोणी नव्हतं. त्याच्या तळहाताला फोड आले, फुटले, तरी तो थांबला नाही. कापड हळूहळू मऊ होत गेलं.

"आत्या, पुढेही मी हेच केलं तर?"

"उपाशी नाही मरणार. पण नशीबवान कुणी म्हणणार नाही, बघ."

"नाही म्हणालं तरी चालेल."

मग कापड उन्हात पसरलं. उन्हाची पाळी शेवटी येते. दुपारी लुबवामाला त्यात गुंडाळलं, तेव्हा एकेक माणूस वाकून कापडाला हात लावत होता. "काय मऊ आहे!" म्हणत होता. चाळीस वर्षांतलं पहिलं कौतुक, आणि म्हातारा आत होता.

तीन महिन्यांनी कसुज्जा नोकरी सोडून आला. या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. गाडी गेली, पाठ वाकली. जुने मित्र येऊन टोमणे मारतात, "काय साहेब, अजून साली सोलताय?" तो हसतो आणि मला उचलतो. तो दमलाय, मीही दमलेय. पण पहाटे त्याला कुणाला उठवावं लागत नाही.

मित्रांनो, मला तेल लावून भिंतीवर टांगू नका. एवढंच करा. तुमच्या घरात कुणी मान खाली घालून काही घडवत असेल, तर "यातून मिळतं काय?" असं विचारण्याआधी ते एकदा हातात घेऊन बघा. आणि मऊ असेल, तर मऊ आहे म्हणा. त्याला ऐकू येतंय, तोवर म्हणा.