शिवांजली कोसळली तो दिवस

मित्रांनो, मी रहिमतपूरच्या तालमीतला जुना वजनकाटा. आधी सांगलीच्या बाजारात माझ्यावर हळदीची पोती चढत. मग भाऊसो वस्तादांनी मला इथं आणलं आणि पैलवान चढू लागले. माझा आकडा कधी चुकत नसे, म्हणून वस्ताद माझं फार कौतुक करत.

पुढं तालमीत मुलीही आल्या. त्यात सोळा वर्षांची शिवांजली होती. कुस्ती स्पर्धेची निवड चाचणी महिन्यावर आली तेव्हा वस्तादांनी तिचं वजन केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "लय वाढलीस पोरी! आसं खाल्ल्यावर वजनाच्या गटात कशी बसणार?"

पोरं हसली. शिवांजलीही हसली, पण उतरताना तिनं माझा आकडा पुन्हा एकदा पाहिला.

त्यानंतर ती एकटीच माझ्यापाशी येऊ लागली. सरावाआधी, सरावानंतर, अगदी पाणी प्यायल्यावरसुद्धा. तिची मैत्रीण मिस्बाह एकदा मागोमाग आली.

"शिवा, डोळं बघ कसं लाल झाल्यात. परत उलटी काढलीस व्हय?"

"दिसभर उपाशी ऱ्हाते गं. मग भूक आवरत न्हाई. खात सुटते आन् मग माझीच मला लाज वाटती."

"वस्तादांना सांगू?"

"आईची शपथ हाय तुला. निवड झाली की थांबते."

"मागल्या आठवड्यातबी हेच म्हणली हुतीस."

"थांबताच येत न्हाई मला," शिवांजली पुटपुटली.

मिस्बाहनं शपथ पाळली. मी तर मुकाच. शिवांजलीचं वजन फारसं घटलंही नव्हतं, त्यामुळं कुणाला शंका येईना.

चाचणीच्या आदल्या सकाळी ती माझ्यावर चढली आणि आकडा दिसायच्या आत खाली कोसळली. वस्ताद धावले. "चक्कर आली आसंल, पाणी आणा!"

"न्हाई वस्ताद!" मिस्बाह रडत ओरडली. "ती खाल्लेलं उलटून टाकती. लय दिस झालं. आदी दवाखान्यात न्या!"

आठवड्यानं वस्तादांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. "शिवांजली वाचली. डॉक्टरीणबाई ह्याला बुलिमिया म्हणाल्या. हा हट्ट न्हाई, आजार हाय. अंगातलं क्षार घटलं की काळजाचा ठोका चुकतोय. मनालाबी उपचार लागत्यात." मग त्यांनी मान खाली घातली. "आन् मी तिला चारचौघांत बोललो, ते चुकलं माझं."

त्याच दिवशी मला अडगळीत ठेवलं. आता गंज चढतोय, पण माझी तक्रार नाही.

मित्रांनो, माझ्यावर वजन कळतं, माणसाचं दुखणं कळत नाही. कुणाला अंगकाठीवरून हसू नका. मैत्रीण असं काही लपवत असेल तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा.

शिवांजलीची निवड हुकली. उपचार अजून चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही अवघड. काल ती आखाड्यातल्या मातीसाठी फावडं न्यायला अडगळीत आली. मला पाहून थबकली. एक पाय उचलला. मी जीव मुठीत धरला.

"शिवा, ये की! मी थांबलेय जेवायची," बाहेरून मिस्बाहची हाक आली.

शिवांजलीनं पाय खाली टेकला. फावडं खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "आले गं."