कोबे, कागोशिमा, नागासाकी

आमच्या सासरी वाईट बातमी सरळ सांगायची पद्धत नाही. माणूस गेला की 'तब्येत जरा नरम आहे, निघून या' म्हणायचं, आणि खरोखरच नरम असला तर काहीच म्हणायचं नाही. मी साधना, या घरची थोरली सून, राहणार एर्लांगेन, जर्मनी. मला ही पद्धत पहिल्यापासून पटलेली नाही आणि मी ते बोलून दाखवते, म्हणून मला फटकळ म्हणतात.

एप्रिलमध्ये माझा दीर यशोधन आजारी पडला तेव्हा सासू-सासरे जपानच्या क्रूझवर होते. बाबांच्या पंचाहत्तरीची ती भेट, दोन्ही मुलांनी मिळून दिलेली. पुण्याच्या टूरवाल्यांचा ग्रुप होता, सोबत थालीपीठ करणारा स्वयंपाकी होता. बोट योकोहामाहून निघाली होती आणि दर एक-दोन दिवसांनी एकेका बंदराला लागायची. बोटीवरचं इंटरनेट महाग, म्हणून ते घेतलंच नव्हतं. बंदर आलं की दोघं खाली उतरायचे, फुकटचं वायफाय शोधायचे आणि आम्हाला व्हिडिओ कॉल करायचे. म्हणजे त्यांना काही सांगायचं तर त्या दिवशीच सांगता येणार होतं, आणि प्रवास सोडून निघायचं तर तेही त्या दिवशीच.

यशोधन कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होता. त्याने ताप अंगावर काढला. साधा फ्लू आहे म्हणत गोळ्या गिळत राहिला, तोवर न्यूमोनिया झाला आणि इन्फेक्शन रक्तात उतरलं. आम्ही पोचलो तेव्हा तो इंटेन्झिव्हस्टेशनमध्ये, म्हणजे इथल्या आयसीयूत होता, तोंडावर मास्क, पण पूर्ण शुद्धीत. मास्क बाजूला करून त्याने पहिलं हेच विचारलं, "वहिनी, आई कुठवर पोचली?"

"उद्या कोबे," मी म्हणाले. "बोलावून घेऊ?"

त्याने हो म्हणून मान हलवली. माझा नवरा, चारुदत्त, खिडकीपाशी उभा होता. त्यानेही ते पाहिलं.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. आईवडिलांना यायचं असेल तर आत्ताच यावं, असं त्या म्हणाल्या. चारूने बाहेर येऊन पुण्याला यशवंतकाकांना फोन लावला आणि सांगितलं, "सध्या स्टेबल आहे." यशवंतकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आमच्या घरचं सुप्रीम कोर्ट. ते म्हणाले, "मग दादाला कळवू नका. त्याला दोन स्टेंट आहेत. आणि वहिनी जन्मात पहिल्यांदा हौस करतायत, त्यात मिठाचा खडा कशाला?" झालं, ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसलो असताना कोबेहून फोन आला. आई हसत होत्या, मागे समुद्र होता.

"यशोधन फोन उचलत नाहीये रे," त्या म्हणाल्या.

"पेपरची डेडलाइन आहे गं त्याची," चारू म्हणाला.

आमची अन्वी सात वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते जर्मनमध्ये. तिने कॅमेऱ्यात डोकं घातलं आणि काका हॉस्पिटलमध्ये झोपलाय, खूप आजारी आहे, हे स्वच्छ जर्मनमध्ये आजीला सांगून टाकलं. आईंना त्या भाषेचा गंध नाही.

"काय म्हणते माझी बाय?"

"काकाकडे आलोय म्हणते," चारू म्हणाला.

"गेनाऊ," अन्वी म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर, कारण तेही खरंच होतं.

फोन ठेवल्यावर माझा पारा चढला. "चारू, त्यांच्या पासपोर्टवर इथला व्हिसा आहे. आज उतरले तर परवा इथे असतील. त्याला आई हवी आहे."

"पुढच्या बंदराला सांगू. तोवर रिपोर्ट सुधारतील. आणि बाबांना तिथे काही झालं तर? तू घेशील जबाबदारी?"

हा आमच्याकडचा हुकमाचा पत्ता आहे. त्याच्यापुढे कुणाची उतारी चालत नाही, माझीही चालली नाही. त्या संध्याकाळी यशोधनला झोपेचं औषध देऊन घशात नळी घातली. तो पुन्हा बोलला नाही.

कागोशिमाला बाबांनी खाडीपलीकडचा धुमसणारा डोंगर दाखवला. "वा, मस्तच," चारू म्हणाला. तो डायलिसिसचं मशीन लावलेल्या खोलीच्या दाराबाहेर उभा होता. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण माझा नवरा दोन्ही हातांनी टोपली दाबून बसला होता. मला त्याचा राग येत होता आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं. त्याचाही भाऊच होता तो.

नागासाकीहून फोन आला तेव्हा मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"आई, यशोधन आयसीयूत आहे. वाचेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. तुम्ही बोटीवर परत चढू नका."

त्या रडल्या नाहीत. "शुद्धीत आहे का?" एवढंच विचारलं.

"आता नाही. कोबेच्या दिवशी होता. तुमची चौकशी करत होता."

बाबांना काही झालं नाही. ज्यांच्या छातीची एवढी काळजी होती त्यांनीच टूरवाल्याला गाठलं, तिकिटं काढली, केबिनमधलं सामान उतरवून घेतलं. पण जपानहून फ्रँकफर्ट काही जवळ नाही. ते विमानात असतानाच यशोधन गेला.

विमानतळावर आई-बाबा काचेच्या दारातून बाहेर आले. "आहे तसाच आहे," चारू त्यांना म्हणाला. तेव्हाही. आईंनी त्याचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या.

"साधना, तू सांग."

"गेला, आई."

बाबा सामानाच्या ट्रॉलीला धरून उभे राहिले. आईंनी फक्त विचारलं की त्याला कुठे ठेवलंय.

हॉस्पिटलने त्याला एका लहानशा खोलीत ठेवलं होतं. आईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तो गार लागल्यावरही काढला नाही. बाबा पायांशी उभे होते. मग चारूला राहवलं नाही.

"तुझी ट्रिप खराब होऊ नये म्हणून गं, आई. तू किती खूश दिसायचीस फोनवर."

"मला कुठे जायचं होतं रे त्या बोटीवर?" आई मागे न वळता म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून गरगरत होतं. तुम्ही दोघांनी एवढ्या हौसेने पाठवलंत, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हसत होते. कोबेला ह्यांना म्हटलं, तुम्ही या फिरून. मी आपली बाकावर बसून राहिले दिवसभर. समोरून विमानं जात होती."

चारू भिंतीला टेकला.

"तेव्हा जागा होता ना तो?" आईंनी त्याला विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी त्याच्यासाठी उत्तर दिलं नाही.

"होता," तो म्हणाला.