ताटावरचा आडवा हात

त्स्वीका स्वतःला कट्टर नास्तिक म्हणवायचा. देव नाही, हे तो कुणी न विचारताही पटवून द्यायचा आणि वर ज्यू धर्मात वर्ज्य असलेलं डुकराचं मांस मिटक्या मारत खायचा.

वल्हांडणाच्या सणाला तो इस्राएलमधल्या रामत गान शहरात सासुरवाडीस गेला. बगदादकडच्या सासूबाई, नझीमा, भात वाढायला लागल्या आणि या पठ्ठ्याने चक्क ताटावर आडवा हात धरला.

"तुम्हा बगदादकडच्या ज्यूंना चालतो, पण आमच्या पोलंडकडच्या ज्यूंना या सणात भात चालत नाही," तो पुटपुटला. आपण हे काय बरळतोय, असं त्याचं त्यालाच वाटलं.

"अहो जावईबापू, तुम्ही देव मानत नाही ना?"

"छे!"

"मग?"

भाताचा वास नाकात शिरला, पण हात काही हलेना.

"कळलं," सासूबाई म्हणाल्या. "देव नाहीच. पण जो नाही, तो पोलंडचा आहे!"