सहा महिन्यांची मुदत

बायको प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घेते, हे त्याच्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. आधी त्याला वाटलं, इथली हवा कोरडी, तहान लागत असेल. परक्या देशात येऊन दोघांना अडीच वर्षं झाली होती, तरी काहीही बिनसलं की त्याचं खापर अजून हवेवरच फुटायचं.

"घास अडकतो का तुझा?"

"थोडासा. इथं." तिने गळ्याखाली, दोन हाडांच्या मधे बोट ठेवलं. "पाणी प्यायलं की जातो."

"कधीपासून?"

"तुम्हाला आज दिसलं ना, मग आजपासून धरा."

तो बसच्या डेपोत फाटक्या सीट शिवायचा. ती हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत होती, गरम रोलरपाशी. दोघांचा पगार मिळून संसार बरा चालला होता. एकुलती एक मुलगी लग्न होऊन मायदेशी सुखात होती. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं आणि त्यामुळे तक्रार करायची सवयही मोडली होती.

"कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दाखवून येऊ," ती म्हणाली.

कोपऱ्यावरचा दवाखाना सरकारी होता. इथे नोकरी करणाऱ्या कुणालाही फुकट. पण त्या दवाखान्याची त्याला आठवण होती. आदल्या वर्षी त्याचा गुडघा सुजला होता. डॉक्टर मायेनं बोलले आणि गुडघ्याचा फोटो काढायला त्यांनी पाच महिन्यांनंतरची तारीख दिली. ती तारीख आली तोवर गुडघा आपोआप बरा झाला होता. फोटो काढायला गेल्यावर कुठला गुडघा हे त्याला आठवावं लागलं. हा किस्सा तो डेपोत इतक्या वेळा सांगायचा की आता लोक सुरुवातीलाच हसायचे.

"तिथे जाऊन काय करणार?" तो म्हणाला. "पाच महिने रांग."

त्याच आठवड्यात सर आपली बस घेऊन डेपोत आले. सर पूर्वी गणित शिकवायचे, म्हणून आपले लोक त्यांना सर म्हणत. इथे ते शाळेची बस चालवायचे आणि सुटीच्या दिवशी आरोग्याच्या पॉलिसी विकायचे. त्यांच्या बसच्या मागच्या सीट पोरांनी पेन खुपसून फाडल्या होत्या.

"भाऊ, तुम्ही अजून पॉलिसी घेतली नाहीत," सर म्हणाले. "खासगीत आज फोन केला की उद्या डॉक्टर. परवा तपासणी. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. उगाच नाही सांगत, माझ्या मेहुण्याचं झालंय."

"अटी असतील."

"एकच. पहिले सहा महिने मुदत. त्या काळात जुनं काही निघालं, कागदावर आलं, की तेवढं दुखणं पॉलिसीतून कायमचं बाहेर. म्हणून सहा महिने कुठल्याही डॉक्टरच्या दारात उभं राहायचं नाही. सरकारी तर मुळीच नाही. तिथे शिंकलात तरी कॉम्प्युटरमध्ये जातं."

"आणि आधीच काही होत असेल तर?"

"काही होतंय का?"

तो फोमवर रेक्झिन ताणत होता. हातातली पिन मारून झाल्यावर म्हणाला, "नाही. सहज विचारलं."

"मग झालं तर."

रविवारी फॉर्म टेबलावर आला. पुढच्या खोलीतलं ते एकच टेबल जेवायला, भाजी चिरायला आणि कागदपत्रांना. त्याने आपलं सगळं आधी भरलं, मग तिचं घेतलं. चौथ्या प्रश्नाशी तो थांबला. सध्या कोणता त्रास जाणवतो का?

"काय लिहू?"

"खरं लिहा."

"खरं लिहिलं तर देणार नाहीत."

"मग नको. दवाखान्यात जाऊ. रांग तर रांग."

त्याने पेन खाली ठेवलं आणि तिला नीट समजावलं. सरकारीत पाच महिने थांबायचं आणि मग जो डॉक्टर समोर येईल तो. इथे सहा महिने थांबायचं आणि मग चांगल्या हातात जायचं. फरक एका महिन्याचा. पुढे काही मोठं निघालं तर पुन्हा रांग नाही. बोलता बोलता त्याचं त्यालाच ते इतकं पटलं की मनात कुठे किंतु राहिला नाही. गुडघ्यावरून आपण गळ्याचा अंदाज करतोय, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

ती टेबलावरचे कण बोटाने गोळा करत ऐकत होती. "तुम्हाला पटतंय ना, मग करा," ती म्हणाली. "घास अडकणं हा काय आजार आहे? तीस वर्षं माझ्या हातचं खाऊन तुमचा अडकला नाही, हेच नवल."

त्याने 'नाही'च्या चौकटीत खूण केली. तिने एकेक अक्षर काढत सही केली.

पहिले दोन महिने बरे गेले. पोळी दुधात बुडवली की उतरायची. तिसऱ्या महिन्यात पोळी बंद झाली, मऊ भात आला. चौथ्या महिन्यात ती भातही मिक्सरमधून काढायला लागली. जेवायला तिला तास लागायचा. त्याचं ताट लवकर रिकामं व्हायचं, म्हणून तो मुद्दाम हळू खायचा. मुलीचा फोन आला की ती फोन वर धरायची.

"आई, नीट धर ना. नुसतं कपाळ दिसतंय."

"कपाळच बघ. तेवढंच चांगलं राहिलंय."

लाँड्रीतल्या गणवेशाची पँट तिला सैल व्हायला लागली. तो शिवणारा माणूस. जेवणाच्या सुट्टीत डेपोतल्या मशीनवर त्याने ती कमरेत आत घेतली. पहिल्यांदा एक इंच. महिन्याभराने दीड. टेप कमरेभोवती धरून आकडा वाचायला तो वाकला की ती पोट फुगवायची. "फसवू नकोस," तो म्हणायचा, आणि दोघं हसायची.

तिसऱ्यांदा घेतली तेव्हा मागचे दोन खिसे एकमेकांना टेकायला आले. त्याने मशीन थांबवलं. माप चुकत नव्हतं. शिलाईच्या आत उरलेलं कापड त्याने चिमटीत धरून पाहिलं.

घरी आल्याआल्या तो म्हणाला, "उद्या दवाखान्यात जाऊ. खड्ड्यात गेली पॉलिसी."

"किती राहिलेत?"

"सात आठवडे."

"मग आता कसले जाता? साडेचार महिने काढले ते पाण्यात घालायचे? आत्ता गेलो तर इकडची रांग नव्याने आणि तिकडचंही गेलं."

हे त्याचंच गणित होतं, त्यालाच परत येत होतं. त्याने अजून एकदा म्हटलं, जाऊ या. तिने अजून एकदा नाही म्हटलं. आणि तिने नाही म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्याने पुढे स्वतःला कधीच माफी दिली नाही.

मुदत भरली त्या दिवशी सकाळी त्याने खासगी इस्पितळात फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. फक्त एक चिठ्ठी लागेल म्हणाली, नेहमीच्या डॉक्टरची. नेहमीचा डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचा दवाखाना. त्रास पॉलिसीनंतरचा, दीड महिन्यापासूनचा आहे असं सांगायचं, हे दोघांनी जाताना रस्त्यात पक्कं केलं.

तिला आत तपासायला घेतलं. तो चिठ्ठीसाठी बाहेर टेबलापाशी थांबला. टेबलामागच्या बाईने आतून आलेली नोंद वाचली, मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"गिळायला त्रास, वजन उतरलेलं. आणि दीड महिना तुम्ही घरी बसलात?"

"रांग असते ना," तो म्हणाला.

"याला रांग नाही. असं कुणी सांगितलं की आम्ही पंधरा दिवसांच्या आत दुर्बिणीच्या तपासणीला पाठवतो. ती यादीच वेगळी."

"माझ्या गुडघ्याला पाच महिने लागले होते."

"तो गुडघा होता," बाई म्हणाली. ती रागावून बोलत नव्हती. तिने चिठ्ठी पाकिटात घालून त्याच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणत होती ती?" या देशाची भाषा तिला जेमतेम यायची.

"काही नाही. पत्ता विचारत होती."

पुढे सगळं सर म्हणाले तसंच झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, तिसऱ्या दिवशी दुर्बीण. अन्ननलिकेत गाठ होती आणि ती यकृतापर्यंत गेली होती. ऑपरेशन करण्यासारखं राहिलं नव्हतं. "दीडच महिना?" डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं. तो हो म्हणाला. डॉक्टरांनी दीड महिनाच लिहिला. पॉलिसी लागू झाली. तिला स्वतंत्र खोली मिळाली. मोठी खिडकी, बटणाने वर-खाली होणारा पलंग. पोटात नळी बसवली, तिच्यातून अन्न जायचं. पसरलंय, हे तिला डॉक्टरांनी दुभाष्याकडून नीट सांगितलं. ती रडली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तिने त्याला विचारलं, "सरकारीत गेलो असतो तर अजून रांगेतच असतो ना?"

"हो," तो म्हणाला. "रांगेतच असतो."

"बघा. तुमचं बरोबर होतं."

त्यानंतर हे तिचं रोजचं झालं. नर्स वेळेवर आली, बरं झालं पॉलिसी घेतली. चादर बदलली, बरं झालं घेतली. सगळ्या दुखण्यात तिला तेवढीच एक गोष्ट नीट झाली असं वाटत होतं, आणि ती नवऱ्याने केली होती. तो मान हलवायचा.

एका दुपारी लाँड्रीतली तिची मैत्रीण नवऱ्याला घेऊन भेटायला आली. वर्षभरापूर्वीच या देशात आलेलं आपलंच जोडपं. मैत्रीण तिला मावशी म्हणायची. नवरा मालाची गाडी चालवायचा. तो भिंतीला टेकून उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना.

"मावशी, सर आमच्याही मागे लागलेत," मैत्रीण म्हणाली. "घ्यावी का पॉलिसी?"

"डोळे मिटून घ्या. ही खोली बघ. लग्नातसुद्धा मला एवढी खोली मिळाली नव्हती."

मैत्रीण हसली, मग नवऱ्याकडे बघून तिने आवाज खाली केला. "यांना तीन आठवडे लघवीतून रक्त जातंय. दुखत काही नाही. म्हणून विचारलं."

"अगं, सांगायला कशाला हवं चारचौघांत," नवरा पुटपुटला.

"सांगितलंस ते बरं केलंस," बायको उशीवरून थोडी उठली. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जोर आला होता. "आता डॉक्टरकडे जायचं नाही, काय? फॉर्मवर काही लिहायचं नाही. सहा महिने दम धरायचा. आम्ही धरला ना? अहो, सांगा की त्यांना."

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. तो खुर्चीवर बसून तिच्या पायावरचं पांघरूण नीट करत होता.

"ती सांगते ते ऐकलंत ना," तो म्हणाला.

"ऐकलं काका."

निघताना तो त्यांना सोडायला गेला. दार त्याने मागे ओढून घेतलं. लिफ्टपाशी गेल्यावर त्याने मैत्रिणीच्या नवऱ्याचा दंड धरला.

"पॉलिसी घ्यायची तर घ्या, नको तर नका घेऊ. पण उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जा. दार उघडायच्या आधी जाऊन उभा राहा. रक्त जातंय, हे पहिल्याच वाक्यात सांग. लाजू नकोस."

"पण मावशी तर म्हणाल्या..."

"आम्ही सात महिने थांबलो. पंधरा दिवसांत झालं असतं. मला कुणी फसवलं नाही. मी कुणाला विचारलं नाही, एवढंच." हे त्याने पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं. दंडावरची पकड घट्ट झालीय हे ध्यानात आल्यावर त्याने हात काढला. "तिला हे माहीत नाही."

मैत्रिणीने तोंडावर पदर धरल्यासारखा हात धरला. लिफ्ट आली, उघडली, कुणी आत गेलं नाही, बंद झाली.

"आणि पुन्हा भेटायला याल तेव्हा," तो म्हणाला, "दवाखान्यात गेला होतात हे तिच्यापुढे काढू नका. सरांकडून घेतली म्हणा."

"म्हणू," मैत्रीण म्हणाली.

तो परत आला तेव्हा बायको दाराकडेच बघत होती.

"घेतायत का?"

"घेतील."

"आणि डॉक्टरकडे नाही ना जाणार? तो जरा भित्रा वाटला मला."

"नाही जाणार. मी बजावून सांगितलंय."

"चांगलं केलंत," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.